लेकीचं माप

पौषातल्या दुपारी आमच्या मलकापुरात उसाच्या मळीचा आंबूस-गोड वास रेंगाळत असतो. तो खिडकीतून आत येतो आणि पलंगावर पसरलेल्या जरीच्या कापडांत, अस्तरांत, कोऱ्या मांजरपाटात मुरून जातो. शाळांच्या स्नेहसंमेलनांचे हे दिवस. घरभर मावळ्यांचे अंगरखे, जिजाऊंचे शेले आणि उरल्यासुरल्या तुकड्यांतून शिवलेली बाहुल्यांची इवली लुगडी. पाहणाऱ्याला हा उत्सवच वाटावा. पण शौर्याचे इतके वेश शिवूनही संध्याकाळी माझ्या अंगात उठून पाणी पिण्याचे बळ उरत नाही.

हा हात मला आईने दिला. औंधला असताना हौशी मंडळींच्या ऐतिहासिक नाटकांचे पोशाख ती घरीच शिवायची. वडील गेल्यावर मी तिला माझ्याकडे आणले, आणि मग उन्हाने भिंतीचा रंग उडत जावा तशी तिची स्मृती विटत गेली. आधी वार गेले, मग माणसे. गेल्या वर्षी मीही गेले. बोटे तेवढी शिल्लक राहिली, पण ती आता उलटी चालतात. हाती लागेल ती शिवण ती उसवते. म्हणून मी तिच्यापुढे बाहुल्यांचे जुने झगे ठेवते. ते उसवताना तिच्या चेहऱ्यावर एक गाढ, निर्मळ शांतता उतरते आणि मला तेवढाच श्वास मिळतो.

फौजेतला माझा धाकटा भाऊ, संजू, फोनवर वारंवार सांगत होता, "ताई, तू बी माणूसच हायस. सांगलीला म्हाताऱ्या माणसांसाठी एक चांगली जागा बघून ठेवलीया." मी विषय टाळत आले होते.

त्या दिवशी गच्चीवरचे कपडे घेऊन खाली आले, तर दुसऱ्या दिवशी द्यायच्या अंगरख्यांच्या बाह्या आईच्या मांडीवर सुट्या पडलेल्या. ओरडायचेही त्राण नव्हते. तिथेच जमिनीवर बसले आणि रजेवर गावी आलेल्या संजूला फोन लावला. "ने बाबा तिला. माझ्यानं होत नाही आता." रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. फोन ठेवल्यावर ना सुटल्यासारखे वाटले, ना रडू आले. मी बाह्या पुन्हा जोडायला घेतल्या.

उन्हे कलली होती. आई उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि परक्या घरी आल्यासारखी माझ्या शिवणयंत्रापाशी अवघडून उभी राहिली.

"बाई, तुमी शिवता न्हवं? माज्या लेकीला एक परकर-पोलकं शिवून द्याल का?"

माझा पाय पायडलवरच थांबला. "केवढी आहे लेक?"

तिने तळवा आडवा धरून कमरेच्या जरा वर नेला आणि तिथे स्थिर ठेवला. त्या तळव्याखाली खरोखरच एखादे तेल लावलेले डोके असावे, इतक्या मायेने.

"छबी म्हन्त्यात तिला. लय गुणाची हाय. लोकांच्या पोरींचं शिवता शिवता माजीच पोर ऱ्हायली बगा. कायबी मागत न्हाई, सोसती नुसती. लय दमती."

छबी. मला या नावाने हाक मारणारे आता कुणी उरलेले नाही. मी टेप घेतली, गुडघ्यावर बसले आणि जमिनीपासून तिच्या तळव्यापर्यंतचे अंतर मोजले. हात हलू नये म्हणून ती श्वास रोखून उभी होती.

मग अंगरखे बाजूला सारून हिरवा खण काढला. कापण्यापूर्वी संजूला पुन्हा फोन केला. "रविवारी ये, पण तिला न्यायला नको. चार दिवस इथंच राहा. मला जरा झोपू दे." तो "बरं" म्हणाला. त्या चार दिवसांनंतर काय, ते त्यानेही विचारले नाही आणि मलाही ठाऊक नव्हते.

आई शेजारी बसून कात्री चालताना पाहत होती.

"तिला आवडंल न्हवं?"

"आवडेल," मी म्हणाले. माझी मान अजून ठणकतच होती. पण सोसून दमणाऱ्या त्या मुलीची कुणीतरी इतकी काळजी करत होते, आणि मला तिचा हेवा वाटत होता.