साहेबांच्या टोपलीतला बोका

साहेब निवृत्त झाले, पण त्यांच्यातला साहेब काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. मालवाहू गाड्यांच्या डेपोत त्यांनी उभा जन्म ड्रायव्हर लोकांवर डाफरण्यात घालवला. आता डेपो नाही आणि ड्रायव्हरही नाहीत, म्हणून ते नळ दुरुस्त करणाऱ्यावर आणि पेपर उशिरा टाकणाऱ्यावर डाफरत. नाकावर माशी बसू देत नसत. बायको सगळं निमूट ऐकून घेई आणि मग आपल्याला हवं तेच करी. घरात आपल्याला कुणी भीक घालत नाही हे बाहेर कळू नये, एवढ्यासाठी या माणसाची रात्रंदिवस धडपड चाले.

सगळ्यांत कमी भीक घालायची ती भिंगरी. काळीपांढरी, सडपातळ, शेपटीचं टोक सतत हलत असलेली मांजरी. लेकीनं लग्नाआधी कुठून तरी उचलून आणली होती. लेक सासरी गेली आणि भिंगरी मागं राहिली. बायकोच्या मांडीवर ती लोण्याच्या गोळ्यासारखी पडून असे. साहेबांची नुसती चाहूल लागली तरी कान मागं आणि शेपूट फुगलेली.

लेक फोनवर बजावायची, "बाबा, भिंगरीला रेबीजची लस दिली का? ती गच्चीवर भटकते, कुठल्या कुठल्या मांजरांशी भांडते. सुट्टीत माझी पोर तिथं येते."

पहिल्या वर्षी बायको साधंच बोलली, "मी तिला धरते, तुम्ही टोपली धरा."

झालं, साहेबांचा अपमान झाला. "आख्खा डेपो वठणीवर आणलाय मी. एक मांजर धरायला मला बायको लागते होय? तू जा, बाजार करून ये."

ती गेली. मग साहेब स्टुलावर चढले, कारण भिंगरी कपाटावर होती. हातात टॉवेल, कपाळावर घाम. भिंगरीनं एकदाच 'फिस्स' केलं आणि पंजा हवेत फिरवला. साहेबांना लागलाही नाही. पण ते स्टुलावरून उतरले ते थेट न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लावली. देवानं माणसाला शेपूट दिली नाही हे बरंच केलं, नाहीतर साहेबांनी ती कुठं घातली असती हे साऱ्या इमारतीनं पाहिलं असतं.

आता लस दिल्याशिवाय तर बायकोला तोंड दाखवायची सोय नव्हती. रिकामी टोपली घेऊन ते खाली उतरले. तळमजल्यावर शिंप्याचं दुकान होतं आणि शिंप्याच्या कापडाच्या गठ्ठ्यावर त्याचा बोका झोपला होता. तोही काळापांढरा. इतका आळशी, की उचलून दुसरीकडं ठेवला तरी डोळा उघडायचा नाही. साहेब त्या बोक्याकडं बघतच राहिले.

"काय हो, याला लस दिलीय का?"

"कुठली, साहेब! दुकान सोडून कधी जाऊ?"

"मग मीच नेतो. शेजारधर्म म्हणून एवढं केलंच पाहिजे."

शिंप्याला गहिवरून आलं. असा देवमाणूस आपल्या वर राहतो हे त्यानं पुढं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. साहेबांनीही ते कौतुक अगदी निर्लज्जपणे पदरात पाडून घेतलं.

जनावरांच्या दवाखान्यात बाकावर माणसं आपापली कुत्री कवटाळून बसली होती. साहेबांची पाळी आली. डॉक्टरबाईंनी बोक्याला पत्र्याच्या टेबलावर ठेवलं, डोळे पाहिले, दात पाहिले, शेपटी वर केली.

"नाव काय?"

"भिंगरी."

"बोका आहे हा."

"हो, बोकाच आहे."

"बोक्याचं नाव भिंगरी?"

"आमच्याकडं नावं बायको ठेवते," साहेब म्हणाले. सगळं खापर बायकोवर फोडायची सवय अशी कामाला आली.

डॉक्टरबाईंनी मानेमागची कातडी चिमटीत धरली, सुई टोचली, काढलीसुद्धा. बोक्यानं जांभई दिली. "फारच शांत आहे हो," बाई म्हणाल्या. साहेबांची छाती फुगली. जसं काही हे शांतपण त्यांनीच शिकवलं होतं.

येताना बोका शिंप्याच्या गठ्ठ्यावर परत ठेवून साहेब घरी आले. बायकोनं रिकाम्या टोपलीत डोकावून पाहिलं. आत चिकटलेले केस काळेपांढरेच होते. काय बोलणार बिचारी?

तेव्हापासून दर वर्षी हाच तमाशा. बायको बाजारात, बोका टोपलीत, भिंगरी कपाटावर. संध्याकाळी साहेबांच्या बढाया सुरू. "मानगूट अशी धरायची, घट्ट! जनावराला कळलं पाहिजे साहेब कोण आहे. मग बघ, हूं नाही की चूं नाही." हे सांगताना ते उशीची मानगूट धरून दाखवत. उशी खरोखरच हूं की चूं करत नसे.

सुट्टीत आलेली नात हे डोळे विस्फारून ऐकायची. तिच्या लेखी आजोबांइतका शूर माणूस जगात दुसरा नव्हता. आणि साहेबांनाही जगात तेवढी एकच व्यक्ती उरली होती, जी त्यांचं सगळं खरं मानायची.

एका दुपारी नात डॉक्टर-डॉक्टर खेळत होती. टोपली काढली, पेनाची सुई केली. भिंगरी खिडकीत ऊन खात पडली होती. पोरीनं आजोबांनी दाखवलं तस्संच केलं. मानगूट धरली, घट्ट, आणि उचलली.

किंकाळी ऐकून आजी धावली. पोरीच्या अंगठ्याखाली भिंगरीचे दोन दात खोल रुतले होते. तिनं नळाखाली साबण लावून पोरीचा हात धुतला आणि ती साहेबांवर ओरडली, "उभे काय राहिलात? रिक्षा बोलवा!"

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम पाहिली. "मांजर घरचं? लस दिलेली आहे?"

"दर वर्षी," आजी म्हणाली. "हे स्वतः नेतात."

"मग घाई नाही. मांजरावर नजर ठेवू. लस नसती तर मात्र आजच सुया सुरू केल्या असत्या, जखमेतसुद्धा."

नातीनं डोळे पुसले. "म्हणजे मला सुई नाही ना, आजोबा? तुम्ही भिंगरीला दिलीय ना?"

 आता बोललो तर पोरीला सुया, असं साहेबांनी स्वतःला समजावलं. गप्प बसण्यात तिचंच भलं आहे, असंही समजावलं. भित्र्या माणसाला कारणांचा तुटवडा कधीच पडत नाही! पण त्यांना भिंगरीचा कान आठवला. चारच दिवसांपूर्वी ती गच्चीवरून आली होती, कान फाटलेला, मानेवर रक्त. कुणाशी भांडली होती, कुणास ठाऊक.

"डॉक्टर," ते म्हणाले, "त्यात एक छोटीशी तांत्रिक अडचण आहे."

"कसली अडचण?" आजीनं विचारलं.

"लस दिलेली आहे. पण भिंगरीला नाही."

"मग कुणाला?"

"शिंप्याच्या बोक्याला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हसावं की रागवावं हे त्यांना कळेना.

आजी ओरडली नाही. ओरडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. ओरडण्याला कसं उत्तर द्यायचं हे त्यांना ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "मी धरली असती हो. मी रोज धरते तिला."

नात अजून आजोबांकडंच बघत होती. "पण तुम्ही म्हणाला होता, मानगूट धरली की ती काही करत नाही."

"मी कधी धरलीच नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

"घाबरत होता तिला?"

"हो."

 सिस्टर ट्रे घेऊन आली. सुई पाहून नातीचा ओठ थरथरायला लागला. "कुणीतरी हिचा दुसरा हात धरा," सिस्टर म्हणाली.

साहेब लगबगीनं पुढं झाले. "हा घे, माझा धर. घट्ट धर."

नातीनं त्या हाताकडं पाहिलं, आणि आजीचा हात धरला. साहेब आपला हात तसाच पुढं करून उभे राहिले.