फिल्टरवरचं कुंकू

"हाई काय शे, भाऊ?"

विमलअक्कांनी डिपस्टिक माझ्या नाकासमोर धरली होती. टोकाला काळंकुट्ट ऑइल. एक थेंब टपकला तो थेट माझ्या टेबलावरच्या जॉब कार्डवर.

डिपस्टिक म्हणजे इंजिनात ऑइल किती आहे ते पाहायची पट्टी. ती बॉनेटमध्ये पाहायची, पुसायची आणि परत खोचायची असते. हातात घेऊन रिसेप्शनमधून चालत यायची नसते. पण अक्का आल्या होत्या! पार्किंगपासून माझ्या केबिनपर्यंत पांढऱ्या फरशीवर थेंबांची रांग होती आणि रिसेप्शनवरची मुलगी तोंडाला हात लावून उभी होती.

मी धुळ्याला, हायवेवरच्या एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये वर्क्स मॅनेजर आहे. या धंद्यात सव्वीस वर्षं झाली. वर्क्स मॅनेजर म्हणजे गाडीचं काही चुकलं की ज्याच्या केबिनमध्ये माणसं घुसतात तो माणूस. सवय आहे मला. पण अक्कांची गोष्ट निराळी होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई. राहायला अमळनेरजवळच्या खेड्यात. बासष्टाव्या वर्षी स्वतः डिझेलची मोठी गाडी चालवतात. एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलतात, राग आला की अहिराणी. त्या दिवशी पहिलं वाक्यच अहिराणीत आलं होतं, म्हणजे मी काय ते समजलो.

"काल तुम्ही ऑइल बदललं म्हणून सांगितलं. हे नवं ऑइल आहे की काजळ? बठ्ठी फसवाफसवी शे तुमनी!"

मी खूश झालो. खरं सांगतो, खूशच झालो. कारण या प्रश्नाचं उत्तर मला झोपेतसुद्धा देता येतं.

"अक्का, बसा. पाणी घ्या. तुमची गाडी डिझेलची. डिझेल इंजिनात काजळी धरते. नवं ऑइल ओतताना सोनेरी असतं, पण आत उरलेली काजळी ते लगेच पोटात घेतं. तुम्ही इथून निघून अमळनेरला पोहोचेपर्यंत ते काळं होणारच. काळं झालं म्हणजे ते काम करतंय."

"म्हणजे काळं ऑइल चांगलं?"

"डिझेलमध्ये एका दिवसात काळं झालं तर घाबरायचं कारण नाही."

अक्कांनी मान हलवली. पटलं असावं. मी चहा सांगणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, "बरं. आणि फिल्टर? तोही एका दिवसात जुना होतो का?"

ऑइल फिल्टर म्हणजे इंजिनाच्या बाजूला लावलेला पत्र्याचा छोटा डबा. ऑइल त्यातून गाळून जातं. ऑइल बदललं की तोही बदलायचा, नाहीतर नव्या ऑइलमध्ये जुनी घाण परत मिसळते. अक्कांचा मुलगा पुण्याला असतो. त्याने फोनवर सांगितलं होतं की, आई, शोरूमवाले फिल्टर बदलतच नाहीत, पुसून तोच ठेवतात, तू खूण करून ठेव. कोणता डबा, हेही त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवलं. अक्कांनी पेन घेतलं, तर तेलकट पत्र्यावर ते उमटेना. मग त्यांनी देवघरातून करंडा आणला आणि सर्व्हिसला निघायच्या आधी बॉनेटमधून हात खाली घालून ओल्या बोटाने फिल्टरवर खूण केली.

"आणि आज सकाळी बॉनेट उघडून टॉर्च मारला," अक्का म्हणाल्या, "तर खाली लाल दिसतंय."

चहा सांगायचा राहूनच गेला.

आता तुम्हाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. हे होतं. सगळीकडे नाही, रोज नाही, पण होतं. फार वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये होतो. तिथे एक माणूस जुना फिल्टर डिझेलने पुसून असा चकाचक करायचा की नवा त्याच्यापुढे फिका पडावा! फिल्टर खाली, गाडीच्या पोटात असतो. तिथे डोकावून पाहणारं गिऱ्हाईक हजारात एक. म्हणून हे चालतं. मला ते माहीत होतं, आणि म्हणूनच अक्कांचं बोलणं मला एका क्षणात खरं वाटलं.

वर दुसरीही गोष्ट होती. अक्कांची लेक शिरपूरच्या वर सातपुड्यातल्या एका पाड्यावर नर्स आहे. अक्का दर शनिवारी एकट्या तिकडे गाडी घेऊन जातात. घाटात मोबाइलला रेंज नाही. त्या रस्त्यावर इंजिन बसलं तर मदत कोण करणार?

"शनिवारी मी कोणाच्या भरवशावर जायचं, सांगा," अक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मी जॉब कार्ड पाहिलं. मेकॅनिकचं नाव भिकन.

भिकन! एकोणीस वर्षं माझ्या हाताखालचा माणूस. जळगावच्या वर्कशॉपमधून मीच त्याला इकडे आणलेला. बोलणं कमी, काम चोख. दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर मी नुसता चिडलो असतो. भिकनचं नाव पाहून डोकंच फिरलं.

तेवढ्यात आमचे शेठ केबिनच्या दारात आले. फरशीवरच्या थेंबांचा माग काढतच आले असणार. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "गाडी रॅम्पवर घ्या. सगळ्यांसमोर."

गाडी रॅम्पवर गेली. रॅम्प म्हणजे गाडी वर उचलायचं मशीन. घूंऽऽ करत गाडी वर चढायला लागली आणि वर्कशॉपमधलं एकेक काम थांबत गेलं. वॉशिंगवाले आले, पार्ट्सवाले आले, कोणीतरी हातातला चहा घेऊनच आला. अक्का पदर खोचून गाडीखाली उभ्या. भिकन एका बाजूला, हात पुसत. वेस्टच्या, म्हणजे पुसायच्या सुताच्या, त्याच गोळ्याने पुन्हा पुन्हा हात पुसत होता.

मी टॉर्च मारला.

लाल! फिल्टरवर लाल खूण होती, स्पष्ट. कुंकूच.

"बघा!" अक्का म्हणाल्या.

शेठ माझ्याकडे वळले. "सोनवणे, हा माणूस जेवणाच्या सुट्टीआधी गेटबाहेर पाहिजे."

मी भिकनवर असा काही बरसलो की काय सांगू! एकोणीस वर्षांचं सगळं काढलं. तुला मी आणला, तुझ्यासाठी शब्द टाकला, बाईमाणूस घाटात एकटी जाते, तुला लाज कशी वाटली नाही. भिकन खाली पाहत होता.

"बदलेल शे, साहेब," तो एवढंच म्हणाला.

"बदललाय? मग हे कुंकू काय आभाळातून पडलं?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, झालं, चोर सापडला.

इकडे अक्का पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. रुमाल निघाला, गोळ्यांचं पाकीट निघालं, किल्ल्या निघाल्या. शेवटी चष्मा निघाला. तो त्यांनी पदराने पुसला, लावला आणि माझ्या हातातला टॉर्च काढून घेतला.

"स्टूल द्या जरा."

कोणीतरी स्टूल सरकवलं. अक्का वर चढल्या. मी खालून धरायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या." फिल्टरच्या अगदी जवळ तोंड नेलं. शाळेत पेपर तपासताना पाहत असतील, तसं पाहिलं. बराच वेळ. वर्कशॉपमध्ये एवढी शांतता मी दिवाळीच्या सुट्टीतही ऐकलेली नाही.

मग त्या वरूनच म्हणाल्या, "हयद कोठे शे?"

हयद म्हणजे हळद. अहिराणीत ळ चा य होतो.

"काय म्हणालात, अक्का?"

"हळद कुठे आहे? मी नुसतं कुंकू कधी लावत नाही. आधी हळद, मग तिच्यावर कुंकू. देवाला असो की गाडीला, हात तसाच जातो माझा. आणि मी बोटाने टिकली लावली होती. ही तर रेघ आहे." त्या खाली उतरल्या. चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "छत्तीस वर्षं पोरांचं अक्षर ओळखत आले मी. हाई मनं कुकू नई शे!"

मी चक्रावलो. शेठ चक्रावले. मग हे कुंकू कोणाचं?

अक्कांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सरळ भिकनपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "रेघ तू मारी का, भाऊ?"

भिकनने मान डोलावली.

"काब्र?" म्हणजे का.

आणि मग तो बोलला. फिल्टर घट्ट बसवला की मेकॅनिक त्यावर मार्करने एक रेघ मारतो. अर्धी फिल्टरवर, अर्धी इंजिनवर, सलग. पुढे कधी फिल्टर सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते. साधी गोष्ट आहे, पण सगळेच करत नाहीत. भिकन प्रत्येक गाडीला करतो. त्याचा मार्कर दसऱ्याच्या सुमारास संपला. मग त्याने वर्कशॉपच्या दसऱ्याच्या पूजेतलं उरलेलं कुंकू डबीत भरलं, ऑइलच्या थेंबात कालवलं आणि काडीने रेघ मारायला सुरुवात केली.

"मग हे आधी बोलायचं नाही का रे!" मी ओरडलो.

भिकन म्हणाला, "तुम्हीच सांगेल व्हतं ना साहेब, वर्कशॉपमा कुकू दिसनं तर घर पाठाडसू."

सांगितलं होतं. दसऱ्याला पोरांनी एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सीटवर कुंकू सांडलं होतं आणि मी सगळ्यांना रांगेत उभं करून दम दिला होता. म्हणजे खरं बोलावं तर कुंकवासाठी नोकरी जाणार आणि गप्प राहावं तर चोरीसाठी!

"मार्कर मागायचा होतास."

"तीन डाव मांगा. तुम्ही सही करी नई."

तेही खरं होतं. मार्करच्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, गरज नाही. पार्ट्सवाला हसू दाबत होता, ते मला दिसलं.

शेठ मात्र पक्के धंदेवाले. "हे सगळं ठीक आहे. पण बाईंचा जुना फिल्टर कुठाय?"

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला! काढलेले फिल्टर आम्ही लगेच फेकत नाही. आतलं ऑइल निथळायला जाळीवर उलटे ठेवतो आणि भंगारवाला येईपर्यंत ते ड्रममध्ये पडून असतात. मी धावलो. पन्नाशी उलटलेला माणूस, पांढरा शर्ट, टाय, आणि धावलो! ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घातला. एक फिल्टर काढला, कोरा. दुसरा, कोरा. चौथा, पाचवा, सहावा. हातावरून ऑइल शर्टाच्या बाहीत शिरलं. मागे सगळं वर्कशॉप गोळा झालेलं. सातवा काढला, वेस्टने हलकेच टिपला.

पिवळा डाग. त्यावर गोल लाल टिकली.

"हाच!" मी असा ओरडलो की शेजारच्या बेमधला, म्हणजे गाडी लावायच्या खणातला माणूस दचकून पाना टाकून बसला. "अक्का, हाच ना?"

अक्कांनी चष्म्यातून पाहिलं. "हाच. आधी हळद, मग कुंकू."

टाळ्या वाजल्या. खरोखर वाजल्या! वॉशिंगवाल्याने शिट्टी मारली. शेठ हसले आणि काही न बोलता केबिनकडे गेले. अक्का भिकनला म्हणाल्या, "भाऊ, मी तुझं नाव घेऊन तुला चोर नाही म्हटलं, पण सगळ्यांसमोर वेळ आणली तुझ्यावर. चुकलं माझं." भिकन इतका लाजला की पुन्हा हात पुसायला लागला.

माझं चुकलं, हे मात्र मला सगळ्यांसमोर म्हणता आलं नाही. दुपारी डबा खाऊन झाल्यावर मी त्याच्या बेमध्ये गेलो. म्हटलं, भिकन, माफ कर, मी तुला विचारायला हवं होतं. तो गाडीखालूनच म्हणाला, "मार्कर द्या, साहेब." मी स्वतः स्टोअरमध्ये जाऊन एक डझन मार्करवर सही केली. जुना फिल्टर गिऱ्हाइकाला दाखवूनच गाडी द्यायची, हा नियमही त्याच दिवशी लावला.

लोक मला लग्नात, बसस्टँडवर, कुठेही गाठून विचारतात की ऑइल बदलायला शोरूमवर भरवसा ठेवावा का. मी शोरूमचा माणूस, माझं उत्तर काय असणार! पण खरं सांगतो. पाटीवर भरवसा ठेवू नका आणि गोड बोलणाऱ्यावर तर मुळीच नको. जुना फिल्टर दाखवा म्हणा. जो हसतमुखाने दाखवेल त्याच्याकडे जा, मग ते शोरूम असो की नाक्यावरचं गॅरेज. आणि खूण केलीत तर आपली खूण कशी होती, तेवढं लक्षात ठेवा.

अक्का अजूनही येतात. भिकनच पाहिजे म्हणून बसून राहतात. गेल्या सर्व्हिसला भिकन मार्कर काढायला लागला, तर त्यांनी पर्समधून करंडा काढला. "मार्कर राहू दे. आणि आधी हळद." आता अख्ख्या खानदेशात एकाच गाडीच्या फिल्टरवर पिवळी आणि लाल अशी दुहेरी रेघ आहे. शनिवारी ती घाट चढते.

आणि हो. गेल्या महिन्यात मी डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हणाले, नजर सहा बाय सहा, चष्म्याची काही गरज नाही. त्या दिवशी टॉर्च आधी माझ्याच हातात होता, आणि मला नुसतं लाल दिसलं.