कोऱ्या लिफाफ्यांतली नाणी

दातांच्या कवळ्या बनवण्यात ज्यांची पस्तीस वर्षे गेली, त्यांनी खोट्या नाण्यांविरुद्ध मोहीम उघडावी यात काही विसंगती आहे, असे कवळीवाल्यांना स्वतःला कधीच वाटले नाही. "ओतकाम जन्मभर केलंय," ते म्हणत, "साच्यातून निघालेली वस्तू मला काय फसवणार?" अक्षरांच्या कुशीतले बुडबुड्यांचे बारीक खड्डे, कडेवर सांधा कानशीने घासल्याची खूण, खरे नाणे ठशाने पाडलेले असते; भिंग लावताच ओतीव, म्हणजे खोटे नाणे त्यांच्यापुढे कबुलीजबाब देई. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी जमणाऱ्या सात-आठ नाणेवेड्यांत त्यांचा शब्द अखेरचा होता. नाणे खरे की खोटे, आणि खरे असल्यास उत्तम, मध्यम की झिजलेले, हे तेच ठरवत.

लिफाफे त्यांच्या हाती देण्याचे काम त्यांच्या पत्नीकडे, म्हणजे सगळ्यांच्या बाईंकडे होते. लिफाफ्यावर मालकाचे नाव असे, आणि नावागणिक नवऱ्याचा आवाज कसा बदलतो, हे बाईंनी नीट ऐकले होते. महिन्यापूर्वी त्यांच्या वडिलांच्या पेटीतले मुकुटधारी राजाचे नाणे कवळीवाल्यांनी "झिजलेलं" म्हणून बाजूला सारले. त्याच राजाच्या, तितक्याच झिजलेल्या स्वतःच्या नाण्याला मात्र "उत्तम" हा शेरा होता. बाईंनी दोन्ही शेरे लक्षात ठेवले. त्यांचे लक्षात ठेवणे हेच धोक्याचे लक्षण, एवढे तरी इतक्या वर्षांच्या संसारात कळायला हवे होते.

मग एका रविवारी, मंडळींपैकी घड्याळदुरुस्तीचे दुकान असलेल्या घड्याळजींच्या नावाच्या लिफाफ्यातून तोच मुकुटधारी राजा बाहेर आला आणि कवळीवाल्यांना चेव चढला.

"घड्याळजी, हे कुठून पैदा केलंत? अक्षरांत खड्डेच खड्डे! आणि कड घासलीय की कुरतडलीय? घरी उंदीर पाळलेत काय? साफ खोटं!"

"पण हे माझं नाहीच," घड्याळजी गोंधळले.

"सापडल्यावर सगळे असंच म्हणतात."

"अहो, ते तुमचं 'उत्तम' नाणं आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "आल्बमातल्या चौकटीतून सकाळी मीच काढलं. पंधरा वर्षांत तुम्ही त्याची कड पाहिली कधी?"

खोली हसण्याने दणाणली. घड्याळजींनी मांडीवर थाप मारली. "बोला, कवळीवाले! शेरा बदलायचा का आता?"

प्रश्न थट्टेचा होता, पण त्यातली मेख कवळीवाल्यांना बोचली. नाणे गमावणे किरकोळ होते. ज्या नजरेवर विसंबून ही माणसे आपल्या वस्तू पुढे करत, ती नजर नाव वाचून वाकते, हे चारचौघांत उघड झाले होते. त्यांनी भिंग पुन्हा लावले आणि कड सावकाश फिरवली.

"खोटं. शेरा तोच," ते म्हणाले. मग बाईंकडे वळले. "अगं, पुढच्या रविवारी माझे सगळे आल्बम रिकामे कर. कोऱ्या लिफाफ्यांत घाल. तुझ्या वडिलांचं नाणंही मिसळ त्यात."

पुढच्या रविवारी कवळीवाल्यांनी स्वतःची आणखी दोन नाणी खोटी ठरवली, आणि दर खेपेला त्यांचा उत्साह वाढत गेला.

"हे कुठल्या गाढवानं विकत घेतलं असेल?"

"सांगू?" बाई म्हणत.

वडिलांच्या नाण्याला या वेळी "मध्यम" मिळाले. बाईंनी ते रुमालात बांधले. आणखी वर चढवण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही.

मग कवळीवाल्यांनी भिंग पुसले आणि मंडळींकडे पाहिले. "चला, आता तुमची. तीही कोऱ्या लिफाफ्यांत. आजवरची सगळी 'उत्तम' पुन्हा तपासायची."

दुकानात तातडीचे काम असल्याची आठवण सर्वांत आधी घड्याळजींना झाली. रविवारी त्यांचे दुकान बंद असते.