डालड्याच्या डब्यातला पिंपळ

लातूर नवा जिल्हा झाला आणि बाबांची नांदेडहून नव्या कचेरीत बदली झाली. नवं टेबल, नवी खुर्ची आणि नळाला पाणी नाही, असं बाबा नव्या जिल्ह्याचं वर्णन करायचे. त्यात दुष्काळ. टँकर येईल तेव्हा येणार, आणि त्या पाण्यात माणसांनीही भागवायचं नि झाडांनीही, हे आईनं गृहीतच धरलं होतं. गोदावरीकाठची माणसं अशीच उधळी असतात.

आम्हाला भाड्याच्या दोनच खोल्या. अंगणात झाडं ठेवली तर शेळ्या खाणार, शेळ्यांपासून वाचली तर लोकांच्या डोळ्यांत खुपणार. म्हणून आईनं सगळी बाग घरातच घेतली. फुटक्या केटलीत पुदिना, बंद पडलेल्या रेडिओच्या पेटीत मनी प्लँट आणि बाबांच्या उसवलेल्या बुटात कोरफड. दुसरा बूट अजून शाबूत होता, पण आईची नजर त्याच्यावर पडली की बाबा तो उचलून कपाटावर ठेवायचे. अंघोळ घमेल्यात उभं राहून करायची, तीही बेसन लावून, कारण साबणाचं पाणी झाडांना चालत नाही. बाबा कचेरीला निघाले की भज्यांची गाडी निघाल्यासारखं वाटायचं.

आईचा खरा जीव मात्र डालड्याच्या डब्यातल्या पिंपळात होता. नांदेडला आमच्या विहारात बोधिवृक्ष होता, त्याचं हे रोप. कधीतरी लातुरात स्वतःची जागा होईल, तिथं ते लावायचं आणि तोवर काहीही करून जगवायचं, एवढंच तिचं स्वप्न होतं. डब्याला तळाशी भोक पाडू द्यायची नाही. थेंबभर पाणी गळून गेलं तर?

आमच्या घरमालकीण मावशी देवणीकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांनी पिंपळ पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"बाई, पिंपळ घरात ठेवायलाव? लई वाईट असतंय."

"मग उपटून टाकू का, मावशी?" आईनं गोड आवाजात विचारलं.

"अवं, पिंपळ उपटतंय का कुणी! पाप लागंल!"

म्हणजे रोप ठेवायचंही नाही आणि काढायचंही नाही. आई त्या दिवशी फार खूश होती.

ऐन उन्हाळ्यात पिंपळाची पानं पिवळी पडायला लागली. आई शाळेत शिकवायची. सकाळी निघताना ती त्याला तांदूळ धुतलेलं पाणी घालायची, आता वर आपल्या पिण्यातलंही घालू लागली. पानं आणखी पिवळी पडली.

मग शाळेला सुट्टी लागली. दुपारी आई आणि मी घरात असताना दार उघडून मावशी आत आल्या. आमची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. त्यांच्या पदराखाली भगुणं होतं, पाण्यानं भरलेलं. आम्हाला पाहून त्या जागीच थबकल्या.

"सुकून चाललंय की हो," त्या पुटपुटल्या. "तुम्हालाच प्यायला पाणी न्हाई, याला कुठून घालणार? म्हणून दुपारचं मीच घालायले. देवाचं झाड हाय."

"अहो मावशी, मी रोज घालते!"

मी रोप डब्यातून काढून पाहिलं. आत नुसता चिखल, मुळं काळी पडलेली. अख्खं लातूर टँकरमागं धावत होतं आणि आमचा पिंपळ पाण्यानं मरत होता. मला हसू फुटणार होतं, पण आईचा चेहरा पाहिला आणि ते घशातच राहिलं.

मावशींनी माझ्या हातून रोप घेतलं. कुजलेली मुळं विळ्यानं छाटली आणि अंगणात, भिंतीपासून लांब, खड्डा घेतला.

"याला जमीन पाहिजे," त्या म्हणाल्या. "तुमची होईल तवा होईल. तोवर माझी हाय की."

त्यांनी रोप लावलं, शेळ्यांनी खाऊ नये म्हणून भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. आई पायरीवर बसून रडत होती. तिला ते स्वतःच्या जागेत लावायचं होतं आणि आता ते जगेल की नाही हेही कळत नव्हतं.

मावशी आत गेल्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरातला पितळी तांब्या घेऊन आल्या. खोल्या त्यांनी आम्हाला दिल्या होत्या, पण त्या तांब्याला आमच्यापैकी कुणाचाही हात कधी लागू दिला नव्हता. तो त्यांनी आईच्या हातात दिला.

"हे तुमच्यासाठी हाय. झाडाला घालू नका."

आईनं तांब्याला तोंड लावलं आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.