आमच्या मॅचिंग सेंटरचं पेज

कापडाच्या दुकानात कटपीस साठतात. कुणी मागत नाही, आपल्याच्यानं टाकवत नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात. किश्शांचंही तसंच झालंय माझं. मित्र जमले की म्हणतात, "अरुण, ते पेजचं सांग की!" दुकानाचं नाही, कापडाचं नाही, पेजचं! तर सांगतो. पण मध्येच "असं कसं झालं?" विचारायचं नाही. ते मलाही माहीत नाही.

कोथरूडला आमचं मॅचिंग सेंटर आहे. साडी घेऊन या, तिच्यावर जाणारा ब्लाऊजपीस, अस्तर, परकर, ओढणी घेऊन जा. काउंटरवर मी आणि माझी बायको सुरेखा. दाराशी मशीनवर शकीलभाई फॉल-पिको करतात. ते आमच्या वडिलांच्या वेळेपासून आहेत. बोलतात कमी, पण बोलले की समोरचा गप्प.

दोनेक वर्षांपूर्वी दादा दुकानात आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, राहतो मांजरीला. जागा आम्हा दोघांच्या नावावर आहे. रिकाम्या दुकानाकडे बघत म्हणाला, "हल्ली बायका तयार ब्लाऊज घेतात रे. एक कॉफीवाला जागा मागतोय. दोन वर्षं बघू. तोवर इथे गर्दी दिसली तर ठीक, नाहीतर देऊन टाकू त्याला."

मला मरून रंग आणि डाळिंबी यातला फरक कळतो, दुसरं काहीही येत नाही. कॉफी तर मी पीतही नाही! शकीलभाईंनी मशीन थांबवलं आणि विचारलं, "कॉफीला पिको लागतं का?"

सुरेखा मात्र म्हणाली, "गर्दी दिसायला हवी ना? मग आधी आपण दिसू." आणि तिनं दुकानाचं पेज काढलं. तिथून माझ्या डोक्याचा जो गोंधळ सुरू झाला तो आजतागायत चालू आहे.

*

सुरेखा एका कार्यशाळेला जाऊन आली. येताना मंत्र घेऊन आली, "एकदा बनवा, दहा वेळा वापरा!"

मी म्हटलं, "अगं, कापड एकदाच फाडतात."

"अहो, हे कापड नाही, कंटेंट आहे."

भिंतीवर महिन्याचं प्लॅनिंग लागलं. सोमवारी टिप, मंगळवारी ग्राहकांचा अनुभव, बुधवारी प्रश्न. प्रश्न कशाला? तर लोक उत्तर देतात, त्याला एंगेजमेंट म्हणतात. मी म्हटलं, लोक दुकानात येऊन मलाच प्रश्न विचारतात, ते काय मग? तर ते ऑफलाइन म्हणे, ते धरत नाहीत.

पहिल्या बुधवारी तिनं विचारलं, "मैत्रिणींनो, तुमचा आवडता रंग कोणता?"

पहिलं उत्तर आलं, "तुमच्याकडे असेल तर सांगते."

दुसरं आलं, "आवडता राहू दे. गणपतीत नेलेल्या अस्तराचा रंग साडीवर उतरलाय, त्याचं बोला."

तिसरं नुसतंच होतं, "का?"

सुरेखा खूश! "बघा, तिघी बोलल्या." तिघी बोलल्या हे खरंच होतं.

*

मग तिनं फोनमध्ये एक अ‍ॅप घेतलं. त्यात पोस्ट आधीच भरून ठेवायच्या, आपापल्या वेळेला त्या आपणहून जातात. त्यात अजून एक सोय होती. ज्या पोस्टला सगळ्यात जास्त लाईक मिळालेत ती अ‍ॅप स्वतःच शोधतं आणि परत टाकतं. सुरेखानं ते बटण चालू केलं.

एका गुरुवारी दुकान उघडलं. अकरा वाजले, बारा वाजले, चिटपाखरू नाही. मी ताग्यांच्या घड्या केल्या, परत मोडल्या, परत केल्या. शकीलभाईंनी मशीनला तेल दिलं. दुपारी एक ओळखीच्या काकू बाहेरून डोकावल्या.

"अहो, आज बंद आहे ना दुकान?"

"नाही काकू, उघडं आहे. या ना."

"बंद आहे. मी सकाळीच वाचलंय."

"अहो पण मी समोर उभा आहे तुमच्या!"

"तुम्ही उभे असाल हो. लिहिलंय बंद." आणि गेल्या निघून!

झालं असं होतं की, आमच्या पेजवर लोकांना सगळ्यात जास्त आवडलेली पोस्ट कुठली, तर उन्हाळ्यात टाकलेली, "आज दुकान बंद राहील. क्षमस्व." अ‍ॅपनं प्रामाणिकपणे तीच परत टाकली होती. सुरेखानं कपाळाला हात लावला. पण बंद दुकानाला लोकांनी एवढे लाईक का दिले होते, हे मला कुणी सांगेल का?

संध्याकाळी मी घाबरत घाबरत दादाचा फोन घेतला. तो म्हणाला, "आज बंद का ठेवलंस? बरोबर आहे, गिऱ्हाईकच नाही तर उघडून काय करणार!"

*

त्यानंतर माझा नंबर लागला. मी कापडाला कात्रीनं छोटीशी खूण देतो आणि टर्रकन हातानं फाडतो. तीस वर्षं फाडतोय, कुणी मान वर करून बघितलं नव्हतं. सुरेखानं एका दुपारी त्याचा व्हिडिओ काढला. त्यात मी एका बाईंना म्हणतोय, "हा नको, हा रंग तुमच्या साडीला मारतो." बस, एवढंच.

त्या एका व्हिडिओचे तिनं इतके तुकडे केले की मीही कधी एका ताग्याचे केले नसतील. एकदा नुसते हात. एकदा नुसता आवाज. एकदा मी उलटा, म्हणजे फाटलेलं कापड परत जोडलं जातंय! ते बघून माझा एक साडू हसून हसून खुर्चीतून पडला. हे सगळं दर आठवड्याला, वर्षभर चालू.

एक दिवस समोरच्या सोसायटीतल्या एक आजी आल्या. हातात पिशवी. म्हणाल्या, "हे घ्या. नाही म्हणू नका."

उघडून बघतो तर आत नवा शर्टपीस!

"आजी, हे कशाला?"

"अहो, वर्षभर बघतेय मी. रोज तोच निळा चौकडीचा शर्ट. कापडाचं दुकान असून माणसावर ही वेळ यावी!"

मला हसावं की रडावं कळेना. सुरेखाला सांगायला वळलो, तर ती आजींना म्हणत होती, "आजी, पिशवी जरा परत पुढे करता का? व्हिडिओ घेते."

*

मंगळवारच्या ग्राहकांच्या अनुभवात एक देवधर काकू होत्या. त्यांनी कॅमेऱ्यासमोर छान सांगितलं होतं, "लेकीच्या साखरपुड्यासाठी इथूनच पीस घेतला, अगदी साडीतलाच वाटतो." व्हिडिओ चांगला होता, म्हणून तो दर दोन-तीन महिन्यांनी जायचा. मधल्या काळात त्यांच्या लेकीचं लग्न झालं, मूल झालं. आमचा व्हिडिओ आपला साखरपुड्यावरच!

एक दिवस काकू तरातरा दुकानात आल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"काय हो, परवा नातवाचं बारसं झालं माझ्या! आणि काल मला तीन जणींनी फोन केले, लेकीच्या साखरपुड्याचं अभिनंदन! व्याही समोर बसलेले! मी काय उत्तर द्यायचं त्यांना?"

मी हात जोडले. "काकू, चुकलं. आत्ताच्या आत्ता काढून टाकतो."

"काढताय काय? ठेवा! मी त्यात बारीक दिसते. फक्त साखरपुडा खोडून खाली बारसं लिहा."

तसं लिहिलं. काकू व्हिडिओत साखरपुडा म्हणतात आणि खाली बारसं लिहिलेलं आहे. आजवर एकानंही हरकत घेतलेली नाही. माणसं नेमकं बघतात तरी काय?

*

ईदच्या आधी सुरेखा शकीलभाईंकडे गेली. "शकीलभाई, ईद नक्की कधी? पोस्ट लावून ठेवायची आहे."

"चंद्र दिसला की."

"हो, पण अंदाजे?"

"वहिनी, चंद्र अंदाजे दिसत नाही."

पण प्लॅनिंग म्हणजे प्लॅनिंग! तिनं कॅलेंडर बघून पोस्ट लावली. फोटो आदल्या वर्षीचाच, शकीलभाई शेरवानीत, हातात शीरखुर्म्याची वाटी, तोंडभर हसताहेत. नेमका त्या संध्याकाळी चंद्र दिसला नाही. आणि सकाळी पोस्ट गेली.

येरवड्याहून शकीलभाईंच्या मेव्हण्याचा फोन आला, "दूल्हेभाई, कोथरूडला वेगळा चंद्र असतो का?"

सुरेखा रडकुंडीला आली. चूक झाली, माफ करा, असं दहादा म्हणाली. शकीलभाई शांतपणे सुईत दोरा ओवत होते. म्हणाले, "माफी कसली? मी इथे रोज्यानं बसलोय आणि माझाच फोटो तिकडे शीरखुर्मा खातोय. निदान एकजण तरी जेवला."

तेव्हापासून सुरेखानं शपथच घेतली की, सणाची तारीख दोन कॅलेंडरांत बघितल्याशिवाय पोस्ट लावायची नाही. आणि ती शपथ तिनं पाळली, बरं का. हे आधीच सांगून ठेवतो.

*

दादाची दोन वर्षं संपत आली. गर्दी म्हणाल तर नव्हतीच. लाईक होते, पण लाईक काही दारात उभे राहून दादाला दिसत नाहीत. दादाचा फोन आला, "पहिल्या माळेला कॉफीवाल्याला घेऊन येतो. मापं घेऊन जाईल तो."

घटस्थापना सोमवारी होती. रविवारी शकीलभाईंनी मशीन पुसलं आणि उगाच बराच वेळ त्याच्यावर हात ठेवून बसले. मला खरंच रडू येत होतं.

पण सुरेखानं नवरात्राचे नऊ रंग पेजवर लावले होते. आदल्या वर्षी तिनं प्रत्येक रंगाचे तागे रचून इतके सुंदर फोटो काढले होते, पण तेव्हा पेजकडे बघितलं कुणी? म्हणून तेच परत वापरले. तारखा दोन कॅलेंडरांत तपासून बदलल्या. अगदी अचूक.

सोमवारी सकाळी मी पांढरे तागे पुढे लावले, आणि सुरेखा पिवळी साडी नेसून आली.

"अगं, आज पांढरा ना?"

"पोस्टमध्ये तर पिवळा आहे."

"अगं बाई, रंग वारावर असतात! गेल्या वर्षी पहिली माळ गुरुवारी होती. तू तारखा बदलल्यास, रंग तेच ठेवलेस?"

ती मटकन स्टुलावर बसली. रोज पेपरात रंग छापून येतात, बँकेतल्या बायकांपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना पाठ असतात. मी म्हटलं, आपलं कोण बघतंय? एवढ्यात दारात मिनी बस थांबली.

बसमधून समोरच्या सोसायटीचं अख्खं महिला मंडळ उतरलं. नखशिखांत पिवळं! सगळ्याजणी देवीच्या दर्शनाहून थेट आल्या होत्या. पुढे मंडळाच्या अध्यक्षा साने मॅडम, रिटायर्ड मुख्याध्यापिका. आणि त्यांच्या मागोमाग, नेमका तेव्हाच, दादा आणि टेप घेतलेला कॉफीवाला!

"हे पेज कोण बघतं तुमच्याकडे?" साने मॅडमनी विचारलं.

सुरेखा उभी राहिली. मी पुढे झालो. "मॅडम, चूक झाली. आज पांढरा होता. उद्यापासून बरोबर रंग टाकतो. उद्या लाल."

"बरोबर टाका म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी पुढे लावलेला पांढरा तागा उचलून मागे ठेवला.

"अहो, दरवर्षी रांगेत आमची एखादी हरवते. सगळ्याच एका रंगात, कोण कुणाची कळत नाही. गेल्या वर्षी दुसऱ्याच मंडळाच्या एक बाई आमच्या बसमध्ये बसून घरापर्यंत आल्या! आज तिथे सगळं पांढरं आणि तुमचं पेज बघून नेसलेल्या आम्ही तेवढ्या पिवळ्या. लांबून ओळखू येत होतो. सगळ्यांनी वळून वळून बघितलं. उद्याचा तुमचा रंग कुठला?"

"लाल…"

"तो सगळ्यांचा. तुमचा विचारतेय मी."

सुरेखानं भिंतीवरच्या प्लॅनिंगकडे बघितलं. "हिरवा."

"मग हिरव्या ओढण्या काढा. कडेला पिको करून द्या. आणि शेवटच्या दिवसांचे ब्लाऊजपीस आत्ताच फाडा, शिंप्याला द्यायचेत."

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी नुसता कापड फाडत होतो. बाहेर शेजारच्या सोसायटीच्या बायका जमल्या, त्यांना आमचा रंग नको होता, स्वतःचा वेगळा चुकीचा हवा होता! शकीलभाईंचं मशीन थांबेना. एका बाईंनी कॉफीवाल्याच्या हातातला टेप घेतला, "जरा धरा हो हे टोक." तो धरून उभा राहिला.

दादा कधी काउंटरच्या आत आला, मला कळलंच नाही. मान वर केली तेव्हा तो तागा उलगडत होता, आणि फोन खांद्यानं कानाला दाबून मांजरीला वहिनीशी बोलत होता.

"अगं, लाल कशाला नेसतेस उद्या? आपला हिरवा आहे!"