मामीच्या डब्याखालचं पान

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात. इटलीच्या त्या जुन्या शर्यतीच्या गाडीचा आकार नेमका कोणी काढला, नाकावर ज्याचा बिल्ला आहे त्या कारखान्याच्या मालकानं, की त्याच्याकडे नोकरीला असलेल्या ड्राफ्ट्समननं? मी मध्ये बोलले नाही. फोनवर मला क्रमानं सांगता येत नाही. पण तशाच एका गाडीच्या मागच्या अर्ध्या भागावर माझाही हक्क आहे.

मी तेव्हा सहावीत होते, दादा आठवीत. आम्ही अमरावतीला राहायचो. मामा अकोल्याला, जठारपेठेत. तो जिनिंग फॅक्टरीत इंजिनावर होता आणि साहेबाची जुनी इंग्रजी मासिकं घरी आणायचा. त्या वर्षी राखीला आला तेव्हा त्यानं दादासाठी एक पान आणलं. चित्र दोन पानांवर पसरलेलं होतं, त्यातलं हे डावं. गाडीचं नाक, दिवे, एक चाक, अर्धं दार, आणि मग कागदच संपला.

"दुसरं पान?" दादानं विचारलं.

"तुझ्या मामीनं हळदीच्या डब्याखाली घातलं. आता निघत नाही, चिकटलं."

बाबांनी मला लहानपणापासून इंग्रजी शिकवलं होतं, म्हणून चित्राखालची ओळ मी वाचून दाखवली. 'हिचा देखणा आकार ज्यांनी काढला ते' इथपर्यंत वाक्य आलं आणि तेही कापलं गेलं.

"काढला कोणी त्यात काय? बिल्ला ज्याचा, गाडी त्याची," मामा म्हणाला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत शाळेच्या मैदानावर नेतात. दादानं ठरवलं की यंदा बैल नाही, ही गाडी न्यायची. आम्ही पान घेऊन गल्लीतल्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. ते बैलगाड्या करायचे आणि त्या दिवसांत पोरांचे बैल.

त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं. "बापू, हे तं अर्धीच गाडी हाय. मांगचं कुठी हाय? मले का सपन पडनार हाय का?"

दादानं मागची बाजू काढून दिली, बससारखी चौकोनी. काका म्हणाले, "हे तं पेटी झाली." मी त्यांच्या अंगणात बसले होते. समोर बिनरंगाचे दहा-बारा बैल ओळीनं उभे होते, सगळ्यांची पाठ माझ्याकडे. मी पाटीवर एक रेघ ओढली. दारापासून जरा वर चढणारी, मग भरदार गोल होऊन खाली उतरणारी.

काकांनी पाटी दूर धरली, जवळ धरली, मग एका बैलाच्या मागच्या भागावर थाप मारली. "बाई, हा तं बैलाचा पुठ्ठा हाय."

"चालेल?"

"पुठ्ठा चांगला असन तं काहून नाही चालनार?"

गाडी लाल रंगाची झाली. मैदानावर दोरी दादाच्या हातात होती, मी बाजूला. हेडमास्तर बैल पाहत पाहत आमच्यापाशी थांबले.

"हा बैल नाही."

मागे उभे असलेले मिस्त्रीकाका म्हणाले, "मांगून पाहा न गुर्जी, बैलच हाय."

हेडमास्तर खरंच मागे जाऊन वाकले आणि पोट धरून हसले. मग विचारलं, "आकार कोणाचा?"

"माझा," दादा म्हणाला.

मला बक्षीस नको होतं, फक्त ती रेघ माझी आहे हे कोणीतरी म्हणायला हवं होतं.

"खोटं काहून बोल्तं बे?" काका म्हणाले. "मांगचं सारं बाईचं हाय."

हेडमास्तरांनी दादाचं नाव बक्षिसाच्या चिठ्ठीवर आधीच लिहिलं होतं. त्यापुढे त्यांनी जोडलं, 'आणि बहीण'. सोबत कंपासपेटी.

घरी आल्यावर मी शाईनं 'बहीण' खोडलं आणि वर माझं नाव लिहिलं. दादा पाहत होता. मला वाटलं आता भांडेल. तो म्हणाला, "मिस्त्रीकाकांचं राहिलं." मी टाक उचलला, आणि थांबले. त्यांचं नाव काय ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. जन्मापासून त्यांच्या अंगणात खेळलो होतो.

दादा पळत जाऊन विचारून आला. काका आधी म्हणाले होते म्हणे, "काहून? पोलिसात देतं का मले?"

तिसरं नाव दादानं लिहिलं, माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात. कंपासपेटीतला कर्कटक त्यानं घेतला, अर्धगोल कोनमापक मला दिला. "गोल तुझा," म्हणाला. चिठ्ठी आणि कोनमापक माझ्या कपाटात डाव्या कप्प्यात आहेत. आलात की तिन्ही नावं वाचा.

चौथं नाव, खरी गाडी काढणाऱ्याचं, मात्र मला देता येत नाही. ते उजव्या पानावर असणार. जठारपेठेतल्या त्या फळीवर मामीच्या हळदीचा डबा शेवटपर्यंत होता, आणि तो उचलून पाहायचं मला कधी सुचलंच नाही.