भिंत कोरी करणारी मावशी

जुन्या गोदामांच्या त्या गल्लीत मावशीला ओळखत नाही असा माणूस नव्हता आणि तिला वचकून नाही असा चित्रकार नव्हता. गोदामं कधीच बंद पडली होती. आता आत चित्रकार कामं करत आणि बाहेरच्या उंच भिंतींवर मोठमोठी चित्रं झळकत. पण ती कायमची नसत. ऋतू पालटला की चित्र पालटायचं, हा गल्लीचा नियम. जुन्या चित्रावर पांढरा रंग फिरवून भिंत नव्या माणसाच्या हाती द्यायची, हे मावशीचं काम.

नवरा रंगारी होता. तो गेल्यावर त्याची परांची, त्याचे रोलर आणि त्याचा जुना शर्ट मावशीने आपलासा केला. शर्ट अंगावर चढवला की तिच्या कामात कोणी लुडबुड करायची नाही. तिने तयार केलेल्या भिंतीला कधी पोपडा धरला असं कोणी ऐकलं नव्हतं, आणि हे ती स्वतःच जाता-येता सर्वांना ऐकवायची. खोटा विनय तिला जमत नसे.

पहिला पांढरा हात जुन्या चित्रकारानेच मारायचा, ही पद्धत तिनेच पाडलेली. "ज्याचं त्यानं सुरू करावं, म्हणजे नंतर माझ्या नावानं बोटं मोडत नाहीत," ती म्हणायची. तरी काहीजण डोळे पुसत. एक दाढीवाला तर भिंतीला पाठ लावून बसला, उठेचना. मावशीने त्याला चहा पाजला, कप परत घेतला आणि रिकाम्या हातात रोलर दिला. नव्या माणसाला सांगायचं तिचं वाक्यही ठरलेलं होतं, "इथं आधी कोणाचं काय होतं ते विचारू नका. भिंत कोरी आहे."

अशा बाईच्या मुलाने लग्न केलं ते भिंतीवर चित्रं काढणाऱ्या मुलीशी. गल्लीला आयतं खाद्य मिळालं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, "सुनेनं केलेलं सासूनं पुसायचं, हे घरोघरी चालतंच. मावशीला त्याचा पगार मिळतो, एवढंच!"

यंदा सुनेला गल्लीतली सर्वांत लांब भिंत मिळाली. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी काढली आणि दोरीवर गल्लीतल्या माणसांचे कपडे टांगले. पहारेकऱ्याचा गणवेश, नर्सबाईंचा कोट, कोणाचे तरी भोक पडलेले मोजे. लोक येऊन आपापले कपडे ओळखत. "एवढे कपडे आणि एकाला सुरकुती नाही! माझ्या पोटावर पाय देते ही," असं म्हणत इस्त्रीवाला दिवसभर तिथेच घुटमळायचा. आणि मधोमध, माणसापेक्षा उंच, मावशीचा तो शर्ट होता. बाहीवर गल्लीतल्या सगळ्या भिंतींचे डाग, कॉलरखालचं बटण तुटलेलं.

सुनेने भीत भीत विचारलं, "आई, कसं झालंय?"

मावशीने बराच वेळ वर पाहिलं. शर्टावरून तिची नजर हलेना. पण कौतुक करायचं म्हटलं की या बाईची जीभ टाळ्याला चिकटायची. "भिंत सरळ दिसतेय," ती म्हणाली आणि घरी निघून गेली.

पुढे सून काही दिवस माहेरी गेली, तेव्हा मावशीने एक उद्योग केला. आयुष्यात कोणासाठी केला नव्हता असा. पारदर्शक व्हार्निशचा डबा आणला आणि त्या चित्रावर एकावर एक दोन हात चढवले. ऊन लागू नये, धूळ बसू नये. चित्र पुसायचं आहे हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरीही चढवले. सून परतली आणि म्हणाली, "रंग किती उठून दिसतायत!"

"धूळ धुतली मी," मावशीने ठोकून दिलं.

ऋतू पालटला. सुनेने हसतमुखाने पहिला पांढरा हात मारला. डोळ्यांत टिपूस नाही. पण मावशीची पंचाईत झाली. व्हार्निशवर रंग धरायचा तर आधी भिंत पॉलिश पेपरने खसाखसा घासायला हवी. घासायला घेतली की सून विचारणार, कशासाठी? म्हणून भिंत न घासताच तिने घाईघाईने पांढरा रंग फिरवून टाकला. उभ्या आयुष्यात न केलेली चूक तिने समजून उमजून केली.

दुसऱ्या सकाळी नवा चित्रकार भिंतीसमोर आ वासून उभा होता. पांढऱ्या रंगाचे पापुद्रे सुटून खाली पडले होते आणि वर शर्टाची एक बाही पुन्हा बाहेर आली होती. भिंतींचा कारभार पाहणारे साहेब तिथे आले होते. निम्मी गल्ली जमली होती. सून सासूशेजारी उभी होती.

साहेबांनी एक पापुद्रा चुरगळला आणि मावशीकडे पाहून म्हणाले, "तुमच्या हातून असं होणार नाही. आपलं चित्र टिकावं म्हणून सूनबाईंनीच काहीतरी फासलेलं दिसतंय. असं असेल तर यापुढे त्यांना इथली भिंत मिळायची नाही."

सुनेने वाकून एक पापुद्रा उचलला, नाकाशी धरला आणि सासूकडे पाहिलं. तिला सगळं उमगलं. ती साहेबांना म्हणाली, "हो, मीच..."

"गप्प बस!" मावशी कडाडली. "ती कशाला फासेल? व्हार्निश मी लावलं. आणि वर न घासता रंग मारला तोही मीच."

मावशीचं पितळ मावशीनेच उघडं पाडलं होतं. भिंतींवर कमावलेलं नाव गेलं, आता काम राहतं की जातं, असं तिच्या मनात येऊन गेलं. तरी मान ताठच होती.

"पण का, मावशी?" साहेबांना खरंच कळेना.

"चित्र चांगलं होतं म्हणून. इतकं चांगलं या गल्लीत कोणी काढलं नाही. मला पुसवेना."

सुनेचे डोळे आत्ता कुठे भरून आले. "मला तर म्हणालात, भिंत सरळ दिसतेय."

"मग? सरळ नव्हती का?"

पहिला हसला तो इस्त्रीवाला, मग सगळी गल्ली. साहेबांनाही हसू आवरेना. "भिंत पुन्हा नीट करून द्या म्हणजे झालं," एवढंच ते म्हणाले.

सासू-सुना परांचीवर चढल्या आणि दोघींनी भिंत घासायला घेतली. शर्ट सुनेने स्वतः घासला, बटणापासून. मावशी हात थांबवून पाहत राहिली. आपलं एवढं मोठं काम अशा निवांत हाताने उतरवणारी पोर तिने पाहिली नव्हती, आणि ती आपल्या घरातली होती. अभिमानाने तिची छाती फुलली. या खेपेला तिने तो लपवला नाही. "बघा," ती खाली उभ्या लोकांना म्हणाली, "घासतेय कशी ते बघा!"

पांढरा रंग पुन्हा फिरवला, भिंत वाळली, दुधासारखी पांढरी झाली. नवा चित्रकार खडू घेऊन पुढे आला आणि मावशीचं ठरलेलं वाक्य ऐकायला थांबला.

"जपून काढा हं," मावशी म्हणाली. "इथं आधी माझ्या सुनेचं चित्र होतं."